पाठीवरचा हात

तो कपाळावरचा दिवा बंद कर रे, डोळ्यांत येतो. शेगडीचा उजेड पुरे. उद्या तुम्ही पोरं बंधाऱ्याखालच्या रस्त्यानं निघणार म्हणताय, म्हणून सांगतो. नाहीतर ही गोष्ट मी सहसा काढत नाही. हिस्के आमच्या ओस्टम गावचीच, चार घरं सोडून राहते. उगाच काहीतरी सांगणारी बाई नव्हे.

पन्नाशी उलटलेली. तिनं आणि नवऱ्यानं, म्हणजे सीब्रननं, गाडी कधीच विकून टाकली. बाजारहाट, दवाखाना, लग्न, मयत, सगळं सायकलवर. एकदा दार आणलं, एकदा आजारी कोकरू. उन्हाळ्यात त्याच सायकलला तंबू बांधून पार स्पेनपर्यंत गेली आणि तशीच परत आली. कशाला एवढा त्रास म्हणून कुणी विचारलं, तर म्हणायची, "त्रास कुठला? घरात बसले की गुडघे दुखतात."

गेल्या वर्षी मात्र पाय साथ देईनासे झाले होते. पुलाच्या चढावर ती उतरायला लागली होती. बोलत नव्हती कुणाशी, पण मी खिडकीतून बघत होतो.

त्याच वर्षीची अकरा नोव्हेंबर. सेंट मार्टिनची संध्याकाळ. पोरं कंदील घेऊन दारोदार गात होती, गोळ्या मागत होती. हिस्केनं आईचं शिलाई मशीन पुढच्या कॅरियरला बांधलं आणि नेझाइलला बहिणीकडे, बाउक्येकडे निघाली. बाउक्येला ते मशीन हवं होतं, आणि टपालवाल्याच्या हातात आईची वस्तू द्यायची नाही असं हिस्केचं म्हणणं. जाताना पाठीवर वारा. पायडल मारावंच लागलं नाही.

बाउक्येनं मशीन उतरवून घेतलं. वाटाण्याचं दाट सूप पुढ्यात ठेवलं.

"आता पलंग तेवढा आणायचा राहिलाय सायकलवर," ती म्हणाली.

"तू उठ त्याच्यावरनं, लगेच नेते."

"आज राहा गं. वारा बघ कसा सुटलाय."

"सीब्रन जेवायचा थांबलाय."

"तो कधी कुणासाठी जेवायचा थांबलाय? आणि बॅटरीची सायकल घे आता. एवढी कसली लाज?"

"घेईन की. तुझ्याएवढी म्हातारी झाले की." बाउक्ये तिच्याहून दोनच वर्षांनी मोठी.

हसत हसत निघाली. साडेआठ वाजले होते.

तुम्ही तो रस्ता दिवसा बघितलाय. उजव्या हाताला बंधारा, भिंतीसारखा. पलीकडे समुद्र, पण दिसत नाही. डाव्या हाताला बिटाची मोकळी रानं. मधे घर नाही, झाड नाही. वारा सरळ तोंडावर. हिस्के हँडलवर वाकली आणि पुढच्या चाकाकडे बघत पायडल मारत राहिली. असल्या वाऱ्यात लांब बघायचं नसतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

निम्म्या वाटेवर ताकद संपली. मांड्या थरथरायला लागल्या. पायी गेल्यापेक्षा फार वेग राहिला नव्हता. ती मला म्हणाली होती, "रिंट्से, त्या क्षणी मला वाटलं, बस झालं. हा शेवटचा हिवाळा. पुढच्या वर्षी दारातनं हलायचं नाही." रडूही आलं तिला. वाऱ्यात कळत नाही म्हणून रडून घेतलं.

आणि तेव्हा पाठीवर हात आला.

दोन खांद्यांच्या मधोमध. हलका, पण नेटाचा. सायकल एकदम हलकी झाली.

ती घाबरली नाही. आपल्याकडे वाऱ्यात दमलेल्या माणसाला मागून येणारा हात देतोच. लहानपणी आपले बाप असेच ढकलायचे. हिस्केनं मान न वळवता हाक दिली, "उपकार झाले हो."

उत्तर नाही. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल.

थोडं अंतर गेलं. पायांना विसावा मिळाला. इतकं बरं वाटत होतं की डोळे मिटावेसे वाटले. मग म्हणाली, "पुरे आता. तुम्ही पण दमाल."

हात तसाच.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. मागून उजेड पडत नव्हता. रस्त्यावर फक्त तिच्याच दिव्याचा ठिपका होता. मागून चेनचा आवाज नाही. टायरचा नाही. श्वासाचाही नाही.

आणि पाठ ओली होत होती. पाऊस नव्हता.

तिनं पायडल थांबवलं.

सायकल थांबली नाही.

समोरच्या वाऱ्यात, पाय न हलवता, सायकल चालली होती. वेग वाढत होता...

तुम्हाला ओस्टमचं वळण माहीत आहे. रस्ता डावीकडे गावात वळतो. बंधारा तिथं आडवा येतो; सरळ गेलं तर त्याच्यावर चढ, आणि पलीकडे जुना उतार. होड्या पाण्यात सोडायचा. भरतीला तो अर्धा बुडतो.

गावातले दिवे दिसले. तिनं हँडल डावीकडे घेतलं.

वळेना.

"मला घरी जायचंय," ती म्हणाली. मोठ्यानं नाही.

...

चढ लागला. तिनं पायडल उलटं दाबलं. तिच्या सायकलीचा ब्रेक तसाच लागायचा, तो लागला. मागचं चाक जाम झालं. टायर डांबरावर खरडत होता. तरी सायकल वर चालली होती. चढावर. वर...

माथा आला.

खाली काळं पाणी. लाटांचा आवाज.

तिनं दोन्ही हात सोडले. अंग डावीकडे फेकलं.

...

गवतात पडली होती. मनगट मोडलं होतं. सायकल तिच्या शेजारीच होती, पुढचं चाक अजून फिरत होतं. मागे कुणी नाही. रस्ता रिकामा, चढ रिकामा. वारा तेवढा होता.

कशीबशी उठली. सायकल एका हातानं ढकलत घरी आली. सीब्रन दारात उभा होता. खरंच जेवला नव्हता.

"पडलीस?"

"पडले."

"कुठं?"

"चढावर."

त्यानं तिचं ओलं जॅकेट काढून घेतलं, शेडमध्ये खिळ्याला अडकवलं, आणि शेजारच्याची गाडी मागून तिला दवाखान्यात नेलं.

सकाळी जॅकेट वाळलं होतं. सीब्रननं मला बोलावून दाखवलं. काळ्या कापडावर, बरोबर मधोमध, पांढरा उमटलेला पंजा. पाचही बोटं स्वच्छ. सीब्रननं त्यावर बोट घासून जिभेला लावलं. खारट होतं.

मग त्यानं आपला हात त्यावर ठेवला. मी माझा ठेवला. दोघांच्याही तळव्याखाली तो पंजा पुरता झाकून गेला. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा असावा. एवढ्या मुलाचा हात चालत्या सायकलवर बसलेल्या बाईच्या पाठीपर्यंत पोचेल कसा, ते तुम्हीच सांगा.

हिस्के सायकल चालवते अजून. मनगट बरं झालं. दमली की उतरून चालते, कितीही उशीर होऊ दे. त्या रस्त्यानंही जाते. पण जॅकेट नवीन घेतलं.

जुनं शेडमध्येच आहे. सीब्रननं साबणानं धुतलं, गरम पाण्यात भिजवलं, पावसात रात्रभर टांगलं. ओलं असतं तोवर काहीच दिसत नाही.

वाळलं की...