एरियल काढल्यावर

कंदील जरा मोठा करा, म्हणजे सांगतो. काम तसं साधंच होतं. जव्हारचे लाकडाचे व्यापारी श्रीकृष्णपंत यांनी मोटार घेतली, तीही रेडिओवाली! संस्थानात मोटारी होत्या, पण गाणारी मोटार पहिलीच. त्यात पंतांची धाकटी बहीण वनमाला त्या संध्याकाळी मुंबई केंद्रावर पहिल्यांदा गाणार होती. आणि रेडिओ? तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा नुसता चरचरायचा. मग मोटारींचा मिस्त्री म्हणून मला बोलावणं आलं.

"बळवंतराव, काहीही करा, पण वनूचा आवाज ऐकवा," पंत म्हणाले. त्यांना एका जागी बसवत नव्हतं.

खोलगट भागात रेडिओ नीट लागत नाही, म्हणून आम्ही मोखाड्याच्या वाटेवर एका उंच माळावर गाडी नेली. वाट दाखवायला साखरशेतचा लाडक्या होता. सूर्य टेकला होता. मला तर शिकारीला निघाल्यासारखं वाटत होतं! खरखर गाडीतली की बाहेरची, हे ओळखायची युक्ती सोपी. इंजिन बंद करायचं. प्लगच्या ठिणग्या थांबल्या की खरखरही थांबते. केलं बंद. खरखर थांबली, पण गाणं आलं नाही. तारेचं कसलंसं वाद्य एकाच सुरात वाजू लागलं आणि एक म्हातारा गळा नावं घेऊ लागला... एकामागून एक.

"हे कुठलं स्टेशन?" पंतांनी विचारलं.

लाडक्याचा चेहरा उतरला. "सायेब, ही घांगळी आहं. आमच्यात मेलेल्याच्या दिवसाला कामडी भगत ही वाजवत बसतो, आन् मेल्या माणसांना हाका घालतो. तसाच हा घालतो..."

मला हसू आलं. दुसरं कुठलं तरी केंद्र मध्ये घुसत असेल, म्हणून मी एरियलची तारच उपटून काढली. आता रेडिओ मुका व्हायला हवा ना? तो उलट स्वच्छ झाला! म्हाताऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येऊ लागला. आणि तार तर माझ्या हातात लोंबत होती!

हाका थांबल्या. मग एका बाईचा आवाज आला, अगदी हळू...

"दादा... ऐकू येतंय का?"

"वनू!" पंत उडालेच.

लाडक्यानं त्यांचं मनगट धरलं. "ओ देऊ नका, सायेब! हाकेला आलेल्याला ओ दिली का तो संगं येतो. कामडीच त्याला माघारी धाडतो. इथं कोण धाडील?"

पण भावाचं मन ते! "येतंय गं, अगदी स्पष्ट येतंय!" पंत आनंदानं ओरडले.

"मग थांब... मी तिकडेच येते."

रेडिओ बंद पडला. दार उघडलं नाही, पण गाडीची मागची डावी बाजू करकरत खाली बसली, कुणीतरी बेतानं टेकावं तशी. मी वळून पाहिलं. सीट रिकामी होती. जव्हार येईपर्यंत गाडी तशीच एका बाजूला झुकून चालली.

वनूचं काही बरंवाईट झालं, या धास्तीनं पंतांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मुंबईला तार केली. उत्तर आलं, वनमाला खुशाल, गाणं उत्तम झालं. पंत लहान मुलासारखे रडले. मलाही हायसं वाटलं. मागची स्प्रिंग मोडली असेल म्हणून मी नवी घातली. गाडी तरीही त्याच बाजूला झुकलेली राहिली.

पुढच्या आठवड्यात वनमालाबाई माहेरी आल्या. डहाणूच्या स्टेशनावर आम्ही त्यांना घ्यायला गेलो. भर दुपार होती. माळावरचं त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं. पंतांनी आम्हाला तशी शपथच घातली होती. हसत, बडबडत त्यांनी मागचं डावं दार उघडलं, आत वाकल्या आणि थबकल्या.

"बसा, बसा. उठू नका. मी त्या बाजूनं येते," असं म्हणून त्या गाडीला वळसा घालून उजवीकडे बसल्या.

पंत पांढरेफटक पडले होते. गाडी गावाबाहेर पडली, तेव्हा वनमालाबाई पुढे झुकल्या आणि भावाच्या कानाशी कुजबुजल्या,

"दादा, या कोण रे? अगदी माझ्याच आवाजात बोलतात..."