न सांगितलेलं पाणी

लाईट यायला अजून दीड तास आहे. तोवर विहिरीवरच्या मोटारीपाशी पेंगत बसण्यापेक्षा ऐका, पण मध्येच कुणी मोबाईल काढला तर मी उठून जाईन. ही गोष्ट मी कुठं वाचलेली नाही. तातेराव माझा बांधशेजारी. त्यानं ती मला एकदाच सांगितली, तीही मान खाली घालून.

गेल्या सालची फाल्गुन वद्य अष्टमी. शनिवारची रात्र, पावणेतीनचा सुमार.

तातेराव आणि त्याची बायको शालूबाई धरण पाहून परत येत होते. धरण तिकडं घाटातलं, काँक्रिटचं. आपल्या सिद्धेश्वर धरणासारखं लांब पसरलेलं नव्हे. दोन डोंगरांच्या मध्ये उभी भिंत, वर पाहिलं की टोपी पडावी एवढी. हौस म्हणून गेले नव्हते बिचारे. त्यांचा एकुलता एक रुद्र आषाढात कॉलेजच्या पोरांबरोबर ते धरण पाहायला गेला, भिंतीखालच्या दगडांवर उतरला आणि पाय घसरला. नऊ दिवस पाणबुडे शोधत होते. सापडला नाही. माती द्यायला देह नाही, विसर्जनाला राख नाही. आठ महिने शालूबाई रात्ररात्र दारात बसायची. तिला धड झोप अशी लागलीच नव्हती.

शेवटी तातेरावाची म्हातारी आत्या, धुरपताबाई, म्हणाली, "पाण्यात राहिलेलं लेकरू आपल्यानं येत न्हाई. मायबापानं जाऊन बोलवावं लागतं. येताना मागं वळून पाहू नका. अन् वाटंत जितक्यांदा पाणी लागंल तितक्यांदा सांगा, पाणी आलं, पाय उचल. एक जरी पाणी सांगायचं राहिलं, तर त्ये तितंच थांबतं. अन् बोलवणं एकदाच व्हतं, ध्यानात ठेवा."

तातेराव असल्या गोष्टींना हसणारा माणूस. पण बायकोचे डोळे पाहून त्यानं तिकिटं काढली. जाताना दोन, येताना तीन.

धरणावर जत्रेसारखी गर्दी. कणसं भाजत होती, जो तो फोटो काढत होता. एका नव्या जोडप्यानं तातेरावाच्या हातात मोबाईल दिला. "काका, मागची भिंत पूर्ण येऊ द्या." त्यानं फोटो काढला. हललेला आला म्हणून पुन्हा काढला. तोवर शालूबाई कठड्याशी गेली आणि जेवायला हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, "रुद्रा, चल बाबा. घरी जाऊ." झालं काहीच नाही. नुसता वारा.

रेल्वेत दोघांच्या मधली जागा रिकामी. टीसीनं विचारलं, तिसरं माणूस कुठाय? "बसलाय की," शालूबाई म्हणाली. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं पुढं गेला. प्रत्येक पुलावर ती त्या जागेकडं झुकायची. पाणी आलं, पाय उचल.

परभणीला तांड्यावरचा देविदास जीप घेऊन आला होता. तातेराव पुढं बसला, शालूबाई मधल्या सीटवर. मागचा बाक मोकळा ठेवला. पण बाई दोन रात्रींची जागी होती. म्हणाली, "आता माझ्यानं जागवत न्हाई. पुढचं तुमी सांगा. इसरू नका." आणि तिचा डोळा लागला.

पूर्णेचा पूल आला. देविदासापुढं तातेरावाला लाजल्यासारखं झालं, पण तो पुटपुटला, "पाणी आलं, बाळा. पाय उचल."

पूल संपला आणि जीपचा मागचा भाग खाली दबला. कुणी चढून बसल्यावर दबतो, तसा.

देविदासानं आरशात पाहिलं. मग हात वर करून आरसा छताकडं फिरवला.

"काका... मागं..."

"पाहू नको. गाडी चालव."

गार वास आला. शेवाळाचा. कुणीतरी श्वास घेत होतं. सावकाश. दमल्यासारखा.

मग तातेरावाच्या खांद्यावर बोटं टेकली. ओली. हलकी. आठ महिन्यांनी...

भीती वाटली का, मी विचारलं होतं. तो म्हणाला, "न्हाई. लई आनंद झाला मला." वळून एकदा ते तोंड पाहावं म्हणून जीव तुटत होता त्याचा. त्यानं पुढची कडी घट्ट धरली. रडला. पण वळला नाही.

शिरड शहापूरच्या अलीकडं जीप त्याच्या आखाड्याच्या, शेतातल्या घराच्या, वाटेला लागली. दारातला दिवा दिसला.

"आलं बरं घर. आलंच आता, बाळा..."

जीप वाटेतल्या मोरीच्या पुलावरून धडधडत गेली.

खांद्यावरची बोटं... सुटली.

मागचा भाग वर आला. वास गेला. श्वासही.

खाली खळखळ ऐकू येत होती.

देविदास हळूच म्हणाला, "काका, फाट्याला पाणी सुटलंय. कालच सोडलं."

कालव्याचा तो फाटा चार वर्षं कोरडा होता. शेळ्या बसायच्या त्यात. तातेरावानं मनात सगळी पाण्यं मोजली होती, पण हे पाणी आहे असं त्याच्या मनातच आलं नाही.

जीप थांबली. शालूबाई जागी झाली. उंबरा ओलांडून मग तिनं विचारलं, "आला ना?"

तातेरावानं चपला काढल्या. मग म्हणाला, "व्हय. आला."

तिनं तेवढ्या रात्री भाकरी केली. ताट वाढलं. "जेव बाबा," म्हणाली आणि तिथंच ताटाशेजारी झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठली नाही.

तो पहाटेच मोरीवर गेला. घराकडचा काठ कोरा. पलीकडच्या चिखलात अनवाणी पावलं. पाण्यापर्यंत आलेली... माघारी गेलेली. पुन्हा आलेली, पुन्हा गेलेली. गवत पार झोपलं होतं. शेवटची रांग मात्र आली त्या वाटेनं सडकेकडं निघून गेली होती.

तातेराव गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडत राहिला, "पाणी आलं, बाळा, पाय उचल." कुणासाठी?

शालूबाई अजून रोज ताट वाढते. त्यानं अजून तिला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

वैशाखात फाटा पुन्हा आटला. काठाची माती तडकली, ढेकळं झाली. मला तातेरावानं तिथं नेलं होतं भर दुपारी. पावलं तशीच उमटलेली. मी वाकून हात लावला.

ते ठसे ओले होते.