राखणदार गेला आणि दिवे वाढवायचे ठरले

राखणदाराचे तळहात काळे का होते, हे कातळबेटात जवळजवळ कुणालाच सांगता येत नव्हतं.

दर्शनाच्या रांगेत आम्ही पाच तास उभे होतो. नगरभवनात पांढऱ्या चादरीवर त्याला निजवलं होतं. दोन्ही हात उताणे होते आणि तळवे कढईच्या बुडासारखे काळे. माझ्या पुढच्या काकू म्हणाल्या, "आगीतून माणसं काढायचा ना, भाजले असतील." मागचे आजोबा म्हणाले, "शेवटची आग लागून चार वर्षं झाली. चार वर्षांत कातडी नवी येते." वाद घालायला कुणाच्या अंगात त्राणच नव्हतं.

आमचं शहर समुद्रातल्या खडकावर वसलेलं आहे. एकवीस वर्षांपूर्वी राखणदार इथे आला. कुठून, असं विचारलं की म्हणायचा, "लांबून." त्याने पडता पूल खांद्यावर पेलला, वादळात सापडलेल्या बोटी ओढून आणल्या. आणि मागच्या मंगळवारी तो वीजकेंद्राच्या पायरीवर बसला तो उठलाच नाही. मृत्यूचं कारण डॉक्टरांनी एका शब्दात लिहिलं: थकवा.

त्यानंतरच्या सहा दिवसांत सगळं शहरच थकून गेलं. रिक्षा खड्ड्यात रुतली तरी आतली माणसं उतरायची नाहीत. राखणदार उडत येईल म्हणून सवयीने वर आकाशाकडे बघत बसायची. मग आठवायचं, मग उतरायची, मग ढकलायची. मीही तशीच वर बघायचे. ऐन गरजेला नाही म्हणून मला त्याचा रागसुद्धा आला होता; तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा भाऊ जन्मला, दोन महिने आधीच. तो इस्पितळात काचेच्या पेटीत होता. पेटी त्याला ऊब द्यायची आणि एक छोटं यंत्र त्याला श्वास पुरवायचं. आईबाबा तिकडेच होते.

मी कुंदाआत्याकडे राहत होते, म्हणजे कुंदाआत्याच्या घरात. आत्या वीजकेंद्रात इंजिनिअर आहे आणि राखणदार गेल्यापासून ती घरी आलीच नव्हती.

सातव्या दिवशी दुपारी चार वाजता ती आली. चपला न काढताच खुर्चीत बसली. डोळे असे सुजले होते की मला वाटलं रडली असेल. पण ती रडली नव्हती, तिला झोपच मिळाली नव्हती.

"हा काय बाजार मांडलायस, शर्वाणी?" तिने विचारलं.

मी माळ्यावरून होते नव्हते ते सगळे दिवे काढून ठेवले होते. दिवाळीच्या माळा, टेबलावरचे दोन दिवे, घरून आणलेला बाबांचा मासेमारीचा विजेवरचा झगझगीत कंदील, सगळे.

"सात वाजता लावायचेत. सकाळी भोंग्याची रिक्षा फिरली ना. महापौरांनी सांगितलंय, राखणदाराला निरोप म्हणून ठीक सात वाजता प्रत्येकाने पाच मिनिटं आपापल्या घरचे दिवे वाढवावेत."

आत्या हसली. सहा दिवसांत मी हसणारा माणूस पाहिला नव्हता, त्यामुळे मला ते जरा विचित्रच वाटलं.

"अगं वेडे, दिवे वाढवायचे म्हणजे विझवायचे! विझला हा शब्द अशुभ, म्हणून जुनी माणसं दिवा वाढवला म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकानसुद्धा बंद करत नाहीत, वाढवतात. तांडेल महापौर जुन्या वळणाचे, ते तसंच..."

ती मध्येच थांबली. चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"सगळ्या शहराने? एकदम? सात वाजता?"

"हो."

"अरे देवा," आत्या म्हणाली आणि उठली. तिचा पाय खुर्चीला अडखळला.

महापौरांच्या कचेरीकडे जाताना, रिक्षात, तिने मला सगळं समजावलं. ती दमली की जास्त बोलते.

"तुमच्या शाळेत रस्सीखेच होते ना? दोन्ही बाजू सारखा जोर लावतात तेव्हा दोर कुठे असतो?"

"मध्ये."

"आणि समोरच्यांनी एकदम दोर सोडला तर?"

"आपण पाठीवर आपटतो." मागच्याच वर्षी आमच्या अख्ख्या वर्गाची अशी फजिती झाली होती.

"विजेचं तेच आहे. खाडीच्या तोंडाशी आपली टर्बाइनं (पाण्याच्या जोराने फिरणारी मोठी चाकं) वीज तयार करतात. ती एक बाजू. दिवे, पंखे, पंप, इस्त्र्या वीज खातात, ती दुसरी बाजू. आपल्याकडे वीज साठवायची सोय नाहीच म्हण. तयार झाली की त्याच क्षणी ती कुणीतरी वापरायला हवी. दोन्ही बाजू सारख्या असल्या की वारंवारता (एका सेकंदात वीज किती वेळा पुढे-मागे होते तो आकडा) पन्नासावर राहते. वापर जास्त झाला तर चाकांवर ओझं पडतं, ती मंदावतात आणि आकडा खाली येतो. वापर कमी झाला तर ओझं उतरतं, चाकं उधळतात आणि आकडा वर जातो."

"मग उधळली तर काय होतं?"

"आकडा बावन्नच्या वर गेला की मोडतोड होऊ नये म्हणून यंत्रं आपणहून बंद पडतात. आणि एकदा सगळी बंद पडली की शहर पुन्हा उजळायला तीन तास लागतात."

"पण लोक रोजच दिवे लावतात, विझवतात."

"एकेक जण, आपापल्या वेळेला. त्याचं काही वाटत नाही. तरीसुद्धा लहानसहान धक्के दिवसभर बसतातच. इथे लिफ्ट सुरू झाली, तिथे बर्फाचा कारखाना थांबला. हे धक्के एकवीस वर्षं कोण पचवत होतं?"

मला एकदम ते तळहात आठवले.

"राखणदार?"

"मुख्य तारेवर दोन्ही हात ठेवून बसायचा. वीज जास्त झाली की अंगात ओढून घ्यायचा, कमी पडली की परत द्यायचा. पूल, बोटी हे त्याचे सुट्टीचे उद्योग म्हण ना. खरं काम हे. गेले सहा दिवस आम्ही चार माणसं पाळी लावून तेच करतोय, पाण्याची दारं उघडझाप करून, आणि आम्हाला ते जमत नाहीये."

मी घाबरत विचारलं, "तीन तास वीज गेली तर बाळाच्या पेटीचं काय?"

आत्याने खरं ते सांगितलं. इस्पितळात जनित्र (वीज तयार करणारं यंत्र) होतं, पण अकरा वर्षं ते कुणी सुरूच केलं नव्हतं. गरज काय, राखणदार आहे ना! आता ते गंजून बसलं होतं आणि सुटे भाग परवाच्या बोटीने यायचे होते. पेटीची बॅटरी चाळीस मिनिटं चालते, हे मला बाबांनीच सांगितलं होतं.

महापौर तांडेलांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोकं धरलं.

"कुंदाताई, आता मागे कसं घेऊ? सहा दिवस लोक नुसते बघत बसलेत. त्यांना काहीतरी करायचंय त्याच्यासाठी. आणि मी नको म्हटलं म्हणून ऐकतील? निम्मे ऐकतील, निम्मे विझवतीलच."

"निम्म्यांनीही घात होईल," आत्या म्हणाली. "पाण्याची दारं पूर्ण बंद व्हायला तीन मिनिटं लागतात. लोकांचं बोट बटणावर पडायला एक क्षण."

"मग करू काय? तुम्हीच सांगा."

दोघं मोठी माणसं टेबलाच्या दोन बाजूंना मान खाली घालून बसली होती. मला बाळाची पेटी दिसत होती आणि आत्याच्या घरी जमिनीवर मांडलेले दिवे दिसत होते.

"पण मी तर लावणार होते," मी म्हणाले.

"काय गं?"

"मला वाढवा म्हणजे जास्त लावा असंच वाटलं होतं. शाळेतल्या सगळ्यांना तसंच वाटतंय, विचारा हवं तर. काही लोक विझवणार आणि काही लोक जास्त लावणार. एका बाजूने दोर सोडला तितक्यात दुसऱ्या कुणी धरला, तर पडायला होईल का?"

आत्याने माझ्याकडे बघितलं, मग कागद ओढला आणि भराभर आकडे लिहू लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "अगदी निम्मे निम्मे हवेत. शाळकरी पोरांच्या गैरसमजावर शहर सोडता येणार नाही. घरक्रमांक! सम क्रमांकाच्या (दोनने भाग जाणाऱ्या) घरांनी विझवायचे. विषम क्रमांकाच्या घरांनी असतील नसतील ते लावायचे. पाच मिनिटांनी दोघांनी आपापलं पूर्ववत करायचं."

"सुतकात रोषणाई?" महापौर म्हणाले. मग त्यांनीच कपाळावर हात मारला. "पण वाढवा असं मीच म्हणून बसलोय की! दोन्ही अर्थ बरोबर. काढा रे रिक्षा."

साडेपाचपासून दहा भोंगे ही नवी सूचना सांगत शहरभर फिरले. पावणेसातला महापौर वीजकेंद्रात आले, कारण भोंग्यांवरून दोन शब्द बोलून निरोपाची शांतता तेच पाळायला लावणार होते. आत्या पाण्याच्या दारांच्या कळीपाशी बसली. मी तिच्या मागे उभी राहिले. समोर मोठा आकडा होता: ५०.०.

सात वाजले. महापौर म्हणाले, "आता शांत राहू या." खिडकीतून दिसलं, निम्मं शहर एकदम विझलं. बाकीची घरं होती तशीच, एकही जास्तीचा दिवा नाही.

"५०.४," आत्या म्हणाली. "५०.७. विषम घरं कुठायत?"

मला ती घरं डोळ्यांसमोर दिसत होती. माणसं बटणापाशी उभी होती आणि शेजारचं घर अंधारात बघून त्यांना जास्तीचा दिवा लावायची लाज वाटत होती. सुतकात घर उजळायला कुणाचा हात धजेना.

"५१.१." आत्या कळ दाबून धरून होती. दारं मिटत होती, पण गोगलगायीसारखी. "५१.५."

मी महापौरांसमोरचा माईक ओढला. शांतता पाळायची होती, हे मला माहीत होतं.

"मी शर्वाणी बोलतेय, घर क्रमांक ११७. माझा भाऊ इस्पितळात काचेच्या पेटीत आहे. वीज गेली तर पेटी बंद पडेल. विषम घरांनी दिवे लावा. लाजू नका! इस्त्री लावा, गीझर लावा, काहीही लावा. राखणदार हेच करायचा, रोज, दोन्ही हातांनी. आता लावा ना!"

मी माईक सोडला आणि आकड्याकडे पाहिलं.

"५१.८," आत्या म्हणाली. आकड्यावरची नजर तिने हलवली नाही. मग म्हणाली, "५१.६."

खिडकीबाहेर एक घर उजळलं, मग त्याच्या पलीकडचं, एक सोडून एक. माळा लागल्या, कंदील लागले. ५१.०. ५०.५. आत्याने दारं थोडी उघडली. ५०.१. सात वाजून पाच मिनिटांनी उलटा खेळ झाला. तोही गडबडला, पण थोडाच.

महापौर घाम पुसत म्हणाले, की पुढच्या वर्षी केंद्रात एक जडचक्र (सतत फिरत राहून विजेचे धक्के पचवणारं भलं मोठं वजनदार चाक) बसवू. आत्या म्हणाली, बसवा, पण तोवर माणसं लागतील. माणसं तर पायऱ्यांवर आधीच जमली होती. बर्फाच्या कारखान्याचा मालक विचारत होता, माझी यंत्रं कधी सुरू करू, कधी थांबवू ते फोनवर सांगाल का? पंपवाले, लिफ्टवाले, शिंपी, सगळे तेच विचारत होते. कुणीही आकाशाकडे बघत नव्हतं.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"आताच डोळे उघडले होते गं त्याने, परत झोपला," ती म्हणाली. "सात वाजता झाला का कार्यक्रम नीट? इथे आत भोंगे ऐकू येत नाहीत. काहीच कळलं नाही."

मी आत्याला सांगितलं, "बाळ झोपलंय. तिकडे काहीच कळलं नाही म्हणतेय."

सहा दिवस न रडलेली आत्या तेव्हा रडली. मोठ्याने रडली, अगदी लहान मुलासारखी. "एकवीस वर्षं आपल्यालाही काहीच कळलं नाही गं," ती म्हणाली.

मग तिने नाक पुसलं, फळ्यावर उद्याच्या पाळ्या लिहायला घेतल्या आणि सकाळी सहा ते सातच्या पुढे लिहिलं: शर्वाणी. आकडा बघणे.