झाकण लावलेला फोटो

धम्मरत्न यवतमाळातला फोटोवाला. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो हे सगळं तो डिजिटल कॅमेऱ्यावर उरकायचा, पण जीव अडकला होता वडिलांच्या फिल्मच्या कॅमेऱ्यात. भीमराजांचा तो कॅमेरा अजून ठणठणीत होता; लेन्सला मात्र बुरशीने खाल्लं होतं. मग एक दिवस कळलं, की परदेशातल्या एका कंपनीने तीच लेन्स पुन्हा काढली आहे. आखणी जुनी, काच नवी. तिने फोटो काढला की मधला चेहरा उजळतो आणि कडेचं सगळं दुधात विरघळल्यासारखं होतं, अगदी पूर्वीसारखं. धम्मरत्नने ती मागवली आणि उशाशी घेऊन झोपू लागला. "सवत आणली घरात," असं बायको सलोनी म्हणायची, आणि तिचंही काही चुकत नव्हतं.

लेन्सचं पहिलं काम निघालं मुकुटबनजवळच्या एका खेड्यात, मथुराबाईकडे. ती भीमराजांच्या ओळखीतली, धम्मरत्न तिला मावशी म्हणायचा. थंडीची दुपार होती. अंगणातल्या चुलीवर तुरीच्या शेंगा उकडत होत्या आणि त्या वाफेचा गोडसर वास साऱ्या घरात भरला होता. ऊन इतकं सुस्तावलं होतं, की कोंबड्यासुद्धा विचार करून पाऊल टाकत होत्या.

मथुराबाईला घरच्यांचा एक फोटो हवा होता, धाकट्या राखीसकट. राखी वीसेक वर्षांपूर्वी तापाने गेली होती. ऐन तरणीताठी पोर. तिचा एकच फोटो भीमराजांनी काढला होता. तो भिंतीच्या ओलीने खाल्ला, आणि निगेटिव्ह वाळवीने.

"तिचं तोंडच आठवत नाही मले, धम्मा," मथुराबाई म्हणाली. "रोज वेनी घालून देत होती ना तिची. डोये मिटले का तेवढी वेनीच दिसते. पाठमोरी. मी माय आहो का कोन आहो?"

आमच्याकडच्या फोटोवाल्यांची एक रीत आहे. गेलेलं माणूस कुटुंबात हवं असेल, तर सगळ्यांना मधे एका माणसाची जागा सोडून उभं करायचं आणि मागाहून त्या जागी जुना फोटो बेमालूम चिकटवायचा. इथे चिकटवायला चेहराच नव्हता. पण त्याने येतानाच ठरवून टाकलं होतं, की थोरल्या मोनालीचा चेहरा जरा तरुण करून लावू. बहिणी-बहिणी सारख्याच दिसतात, म्हातारीला काय कळणार? लबाडी खरीच, पण चांगल्या मनाने केलेली.

"तुह्या बापाचीच लेन्स हाय ना हे?" मथुराबाईने विचारलं.

"तीच, मावशी. म्हंजे नवी हाय. पन तीच."

"मंग वयखन ते राखीले, पाह्यलेली हाय तिनं," ती म्हणाली, आणि पदर सारखा करत भिंतीपुढे उभी राहिली.

एका बाजूला मथुराबाई, दुसऱ्या बाजूला मोनाली आणि तिचा नवरा श्रावण, मधे राखीची जागा. आता या कॅमेऱ्याची गंमत अशी, की त्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. खिडकीत मधोमध प्रत्येक गोष्ट दोनदा दिसते. रिंग फिरवत जायचं. दोन प्रतिमा एकावर एक बसल्या, की फोकस जुळला. धम्मरत्नने मोनालीच्या नाकातल्या चमकीवर तो जुळवला. मग सहज कॅमेरा मधल्या मोकळ्या जागेवर आणला. मागची निळी भिंत लांब होती, म्हणून तिच्यावरचा खिळा दोनदा दिसत होता. ते बरोबरच होतं. पण त्या खिळ्याच्या अलीकडे एक काळी उभी रेघ होती, आणि ती एकच दिसत होती, म्हणजे मोनालीच्याच रांगेत होती. चुलीचा धूर असेल, असं म्हणून त्याने तीनदा खटका दाबला.

"भाऊ," श्रावण हसू दाबत म्हणाला, "झाकन तं काढा लेन्सचं!"

सगळे खदखदून हसले. या कॅमेरेवाल्यांची ही खास चूक. लेन्समधून बघायचंच नसतं, त्यामुळे झाकण तसंच राहिलं तरी खिडकीत सगळं लख्ख दिसत राहतं. भीमराजांनी याच चुकीपायी पोराचे कान पिळून लाल केले होते. धम्मरत्नने जीभ चावली, झाकण काढलं आणि उरलेला रोल नीट संपवला. मथुराबाई तेवढी हसली नव्हती. ती मधल्या जागेकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानाच्या मागच्या डार्करूममध्ये रोल धुतला. झाकण लावून काढलेल्या तीन फोटोंच्या जागी फिल्म कोरी निघायला हवी होती. दोन जागा कोऱ्या निघाल्या. तिसरीवर काहीतरी होतं. त्याने त्याचा प्रिंट काढायला घेतला. लाल दिव्याच्या उजेडात, औषधांच्या आंबट वासात, ट्रेमधला कागद हळूहळू काळा होत गेला, आणि त्या काळ्यात मधोमध एक वेणी उमटली. मग खांदे, मग पाठ. आजूबाजूला ना मथुराबाई, ना मोनाली. एकटी मुलगी, पाठमोरी, इतकी स्पष्ट की वेणीतले केस मोजावेत.

झाकण काढल्यानंतरच्या फोटोंत सगळे नीट आले होते आणि मधली जागा रिकामीच होती.

भुतंखेतं सब झूट, हे भीमराजांनी त्याला लहानपणीच शिकवलं होतं. तो स्टुलावर बसला, गटागटा पाणी प्याला. झाकणातून बाहेरचा उजेड आत येत नाही. म्हणजे जे उमटलं, ते बाहेरचं नव्हतं. त्याला भीती वाटली, पण खरं सांगायचं तर आनंद जास्त झाला. आता मावशीला खोटा चेहरा द्यायची पाळी येणार नव्हती. त्याने मोनालीच्या मोबाईलवर फोन लावला आणि मथुराबाईला द्यायला सांगितला.

"मावशी… राखी आली. पन पाठमोरी हाय."



"मंग हाक मार ना तिले," मथुराबाई हळूच म्हणाली. "लेकरू हाय. नाव घेतलं का वयते मांगं."

त्याने नवा रोल भरला, कॅमेरा टेबलावर ठेवला आणि लेन्सवर झाकण घट्ट बसवलं. भरदुपारी आपल्याच दुकानात उभं राहून झाकलेल्या लेन्सला हाक मारायची, या कल्पनेने त्याला हसूच आलं.

"राखी…" तो म्हणाला आणि खटका दाबला.

रस्त्यावरच्या ऑटोंचा आवाज एकदम लांब गेला. अंगात गोड पेंग भरावी तसं झालं.

"राखी… तुह्यी माय बोलावून राह्यली…"

पुन्हा खटका. आणि मग आणखी एकदा, नुसतं नाव.

रोल धुतला, तर त्या फोटोंत ती वळत गेली होती. पहिल्यात खांदा, दुसऱ्यात गाल. दर फोटोत थोडी जवळही आली होती. तिसऱ्यात पूर्ण चेहरा होता, हसरा, लेन्सकडे पाहणारा, आणि त्यावर तीच दुधाळ झळाळी. धम्मरत्नला रडू आवरेना. बाप असता तर दाखवला असता, असं त्याला वाटलं.

मोनालीबरोबर मथुराबाई एसटीने आली. तिने प्रिंट हातात घेतला आणि दाराच्या उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिला. पाहता पाहता तिचा चेहरा फुलला.

"राखीच्या हनुवटीले खड्डा होता," ती म्हणाली. "अन डावी भुवई तुटकी. लहानपनी चुलीवर पडलती ना. आठवली मले… पूर्न आठवली, मोनाली! आता दिसून राह्यली मले!"

ती रडत होती आणि हसतही होती. मोनालीने तिला धरलं. धम्मरत्नने सुटकेचा श्वास सोडला.

"जमलं म्हंजे, मावशी."

मथुराबाईने फोटो काउंटरवर पालथा ठेवला.

"हे राखी नोहे, बाबू. हिले पाह्यलं, तवाच तं मले माही राखी कशी नव्हती ते दिसलं."

मोनालीने फोटो उचलून पाहिला. हनुवटी सपाट, भुवई सलग. तिने तो घाईने परत ठेवला.

"मंग… कोन हाय हे?" धम्मरत्नने विचारलं.

"कोनाची तरी लेक असन. आपुन बोलावली, ते आली." मथुराबाईने त्याच्या हातावर हात ठेवला. "नाव घेऊन आनलेल्याले नाव घेऊनच वाटे लावा लागते. हिचं नाव ठावं हाय तुले?"

त्याने नकारार्थी मान हलवली. ती मोनालीला धरून बस गाठायला निघाली. जाताना तिचं पाऊल हलकं पडत होतं, आणि त्याचं धम्मरत्नला बरंही वाटलं.

मग त्याने लेन्सचं झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफ धरली होती, थंडीत काचेजवळ तोंड नेल्यावर धरते तशी. त्याने शर्टाच्या टोकाने ती पुसली आणि झाकण परत बसवलं. दुकानाला लागूनच घर होतं; आतल्या खोलीत सलोनी भांडी लावत होती. तिला हाक मारायला त्याने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. कॅमेऱ्यासमोर कोणाचंही नाव घ्यायची त्याची छाती झाली नाही. थोड्या वेळाने त्याने झाकण पुन्हा काढून पाहिलं. आत पुन्हा वाफ धरली होती, आणि ती अजून ऊन होती.