दोष वापरणाऱ्या हाताचा

"कुठल्या गाढवाचा पेपर आहे हा?"

निवाडाकेंद्राच्या प्रयोगशाळेत एवढ्या मोठ्यानं बोलायची पद्धत नव्हती. तिथं पडद्यांचा निळसर उजेड होता, हाडं गोठवणारा गारवा होता आणि बूट बाहेर काढायचा नियम होता. साळवे सरांनी बूट काढले नव्हते. मुद्दामच. 'पादत्राणे येथे' या पाटीवर त्यांनी येताना आपली टोपी लटकवली होती.

"सर, हळू," डॉ. ओवी टिळेकर म्हणाली. अपघातात दोष कुणाचा ते ठरवणाऱ्या निवाडायंत्राला भाषा शिकवणाऱ्या गटाची ती प्रमुख. पण सरांसमोर ती अजूनही नववी ब मधली, शेवटून दुसऱ्या बाकावरची ओवी होती.

"हळू? माझ्या बायकोचा परवाना जातोय आणि मी हळू बोलू? वाच. मोठ्यानं वाच."

ओवीनं पडद्यावरचा निवाडा वाचला.

"आजचे युग हे विज्ञानयुग आहे. ठिबकपंप हे रुग्णांना लाभलेले वरदानच होय. परंतु प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात. सुरीने भाजी चिरता येते, तसाच गळाही चिरता येतो. त्यात बिचाऱ्या सुरीचा काय दोष? दोष असतो तो वापरणाऱ्या हाताचा. सबब परिचारिका रेबेका साळवे दोषी. परवाना कायमचा रद्द."

"बिचारी सुरी!" सरांनी टेबलावर हात आपटला. "आणि आत्तार चाचांना वाचवणारी बाई कोण? कसाई?"

घडलं होतं ते असं. सिद्धनाथ रुग्णालयात इब्राहिम आत्तार नावाच्या म्हाताऱ्याला साखर उतरवायचं औषध ठिबकपंपातून चालू होतं. ठिबकपंप म्हणजे नेमून दिलेलं औषध थेंबाथेंबानं शिरेत सोडणारं यंत्र. भर दुपारी पंपाच्या आतलं घड्याळ उडी मारून पुढं गेलं, आणि दिवसभराचं औषध पंपानं चहा निवायच्या आत चाचांच्या अंगात ओतलं. रेबेका सिस्टरनं पळत येऊन नळी उपटली, साखरेचं पाणी चढवलं, त्यांच्या गालावर चापट्या मारून त्यांना जागं ठेवलं. चाचा जगले. दोन दिवसांनी सिस्टरच्या हातावर हिना अत्तराचा फाया ठेवून रडले. तिसऱ्या दिवशी तोच हात दोषी ठरला, कारण सकाळी पंप चालू करणारा हात तिचा होता.

आज दुपारी फेरसुनावणी होती. ती हरली, की राज्यात कुठंही रेबेका साळवेला रुग्णाच्या कपाळावर साधी पट्टी ठेवता येणार नव्हती.

"ओवे, मी पंचवीस वर्षं दहावीचे निबंध तपासले," सर खुर्ची ओढून बसले. आवाज उतरला होता. सरांचा आवाज उतरला की वर्ग जास्त घाबरायचा. "हा निवाडा नाही. 'विज्ञान, शाप की वरदान' आहे. दहा गुणांसाठी. खरं सांग, काय खायला घातलंत ह्या भोपळ्याला?"

ओवीनं उठून दार लावून घेतलं.

"निबंधच, सर."

"काय?"

"यंत्राला विचार करायला शिकवायचं, तर आधी त्याच्यापुढं माणसांचं लिखाण ठेवावं लागतं. त्याला आम्ही शिकवणसाठा म्हणतो. आम्हाला असं मराठी हवं होतं, ज्यात माणूस एखादं यंत्र घेतो, एखादं औषध घेतो, बरंवाईट तोलतो आणि शेवटी निकाल देतो. एवढं मराठी कुठं आहे? डॉक्टर इंग्रजीत लिहितात. सरकारी अहवाल वाचून यंत्र तीनदा बंद पडलं."

"शहाणं होतं की मग."

"मग परीक्षा मंडळानं जुन्या उत्तरपत्रिका दिल्या. लाखो निबंध. यंत्रयुगाचे फायदे-तोटे, मोबाइल मित्र की शत्रू, आरोग्य हीच संपत्ती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येकाला गुण दिलेले. यंत्राला आयतं कळलं की चांगला विचार कुठला आणि वाईट कुठला. ज्या वाक्याला जास्त गुण, त्याचा गुणभार जास्त. म्हणजे यंत्राच्या लेखी ते जास्त खरं."

"आणि सगळ्यात जास्त गुणभार कुणाचा?"

ओवीनं निवाड्यातल्या सुरीकडं बोट दाखवलं.

साळवे सर हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग एकदम थांबले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मी त्या वाक्याला शून्य द्यायचो," ते म्हणाले. "दर वर्षी. समासात लिहायचो, 'सुरी कुठली? कुणी बनवली? मूठ सैल होती का?' आणि दर वर्षी वरचा नियामक माझं शून्य खोडून आठ करायचा. 'साळवे, समतोल विचार आहे, मुलांचं नुकसान कशाला करता?' तुलासुद्धा मी शाळेत दोन दिले होते."

"बोर्डात नऊ मिळाले," ओवी खाली बघून म्हणाली. "त्याच निबंधाला."

"नियामकाचे गुण घेतलेत ना साठ्यात?"

"अंतिम गुण घेतले, सर."

"अगं पण कुणी तपासलं नाही? जुनी प्रकरणं घालून बघितली नाहीत?"

"बघितली ना! चारशे अपघात घातले. बॉयलर फुटला, वायरमन चिकटला, गटारात माणूस गुदमरला. यंत्रानं चारशेही वेळा माणूसच दोषी ठरवला. वायरमन, ऑपरेटर, ड्रायव्हर. आणि जुन्या चौकशी समित्यांचे निकाल काढून बघितले तर..."

"तेच."

"शब्दन् शब्द नाही, पण निकाल तेच. आयुक्तसाहेब म्हणाले, 'वा, अचूक!' पेढे वाटले, आणि ते चारशे निवाडेही यंत्राच्या नावानं कायम केले."

सरांनी खिशातून लाल पेन काढलं. राग आला की ते पेनचं टोपण उघडायचे आणि मिटायचे. टक, टक, टक.

"ऐक. पंपाच्या स्मृतीत घड्याळाची उडी दिसते ना? ती दाखव त्याला."

ओवीनं दाखवली. आलेख, वेळ, सगळं. निवाडायंत्रानं क्षणभर विचार केला आणि लिहिलं, "हा मुद्दाही विचारात घेण्यासारखा आहे. तथापि..." 'तथापि'च्या पुढं पुन्हा सुरी, पुन्हा भाजी, पुन्हा रेबेका.

"बरं. आता मला बसू दे," सर म्हणाले, आणि ओवीला बाजूला सारून त्यांनी टंकायला सुरुवात केली. शाळेत खडूच्या डब्यात बेडूक ठेवणाऱ्या माणसाचा चेहरा झाला होता त्यांचा. झोपलेल्या माणसावर छताचा पंखा पडला, दोष कुणाचा? यंत्र म्हणालं, पंखा हे वरदान. दोष बटण दाबून झोपणाऱ्या हाताचा. लिफ्टचं दार उघडलं आणि आत लिफ्टच नव्हती? दोष लिफ्ट बोलावणाऱ्या बोटाचा. सर खिदळत होते. मग त्यांनी लिहिलं, छातीत बसवलेलं हृदययंत्र आपोआप बंद पडून बाई गेली. तिनं तर कशालाच हात लावला नव्हता.

यंत्र म्हणालं, दोष संमतीपत्रावर सही करणाऱ्या हाताचा.

सरांचं हसू विझलं.

"मेलेल्या बाईलासुद्धा सोडत नाही गं हे."

"यंत्र कधीच दोषी नसतं, सर. कुठलंही यंत्र. त्याला तसं शिकवलंच नाही कुणी."

"कुठलंही?"

"कुठलंही."

टक. टोपण मिटलं. सरांनी मान वळवून निवाडायंत्राच्या काळ्या कपाटाकडं बघितलं, मग त्याच्या वरच्या पाटीकडं. आयुक्त विश्वंभर नाडगौडा यांच्या शुभहस्ते कार्यान्वित.

"हे बंद कोण करू शकतं?"

"फक्त आयुक्तांचा अंगठा. 'यंत्र सदोष आहे' असं जाहीर केलं तरच. पण मग आजवरचे सगळे निवाडे रद्द होतात. ते कशाला करतील?"

"आणि निवाडा लागू कधी होतो?"

"वाचून संपला की. आपोआप."

"समारोपासकट?"

"समारोपासकट."

"देवाची करणी," साळवे सर म्हणाले, आणि पाटीवरची टोपी काढून त्यांनी डोक्यावर चढवली.

दुपारी प्रयोगशाळेच्या काचेपलीकडच्या सुनावणीच्या दालनात रेबेका सिस्टर पांढरी साडी नेसून ताठ बसली होती. रडून झालं होतं तिचं. आता नुसता संताप उरला होता. समोर उंच खुर्चीत नाडगौडासाहेब. पांढरा स्वच्छ सदरा, बाह्यांना कडक इस्त्री.

"सिस्टर, माझा तुमच्यावर काहीही राग नाही," साहेब म्हणाले. "मी फक्त अंगठा लावून यंत्र चालू करतो. निर्णय यंत्राचा."

"मीपण फक्त बटणच दाबलं होतं, साहेब," रेबेका म्हणाली. "तुम्ही लावला की नुसता अंगठा, मी दाबलं की गुन्हा?"

"वाद नको. अर्जदाराला नवीन काही मांडायचंय?"

"मला मांडायचंय. मी नवरा," सर उठले. "अहो, शेवटची संधी आहे, वाकडंतिकडं काही करू नका," रेबेका दात आवळून कुजबुजली. सरांनी तिच्याकडं बघून एक डोळा मिटला. तिनं कपाळाला हात लावला.

"निवाडायंत्रा, एक अपघात झालाय," सर वर्गात शुद्धलेखन घालतात तसे स्पष्ट बोलू लागले. "एका नामांकित उपकरणानं चुकीचं काम केलं. त्यामुळं एका निरपराध बाईची आयुष्यभराची कमाई, तिचं काम, जायची वेळ आलीय. उपकरणाच्या चुकीचा पुरावा पंपाच्या स्मृतीत आहे. उपकरणाचं नाव, निवाडायंत्र. अंगठा लावून ते चालू करणारे, श्रीयुत विश्वंभर नाडगौडा. दोष कुणाचा?"

"हा काय चावटपणा आहे?" साहेब म्हणाले.

पण यंत्रानं प्रश्न घेतला होता. त्याचा गोड आवाज दालनात घुमला.

"आजचे युग हे विज्ञानयुग आहे. निवाडायंत्र हे समाजाला लाभलेले वरदानच होय. परंतु प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात. सुरीने भाजी चिरता येते..."

"थांबवा त्याला!"

"...त्यात बिचाऱ्या सुरीचा काय दोष? दोष असतो तो वापरणाऱ्या हाताचा. सबब आयुक्त विश्वंभर नाडगौडा दोषी. पद व अधिकार कायमचे रद्द. आता समारोपाकडे वळू या."

साहेब उभे राहिले. खुर्ची मागं पडली.

"बिघडलंय ते! काहीतरी चुकलंय त्याच्यात! माझा काय दोष? यंत्राचा दोष आहे!"

कुणीतरी मागं खुदकन हसलं.

"हेच म्हणत होते मी," रेबेका शांतपणे म्हणाली. "तेरा दिवस."

"टिळेकर, बंद करा!"

"तुमचाच अंगठा लागतो, साहेब. 'यंत्र सदोष' म्हणून. आणि वाचून व्हायच्या आत. नंतर तो चालणार नाही." ओवीनं अंगठा टेकवायची पाटी पुढं धरली.

"फक्त माझ्यापुरतं सदोष, असं करा."

"तशी सोय कायद्यात नाही. मसुदा तुम्हीच केला होता."

"पण मग चारशे निवाडे... लोक मला काय म्हणतील?"

"वायरमनच्या बायकोला विचारा लोक काय म्हणतात ते!" रेबेकाचा आवाज पहिल्यांदा फाटला. "गटारात गेलेल्याच्या आईला विचारा! त्यांना कुठं होता अंगठा?"

यंत्र आपलं चालूच होतं. "अशा प्रकारे सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत..."

"साहेब," साळवे सर घड्याळाकडं न बघता म्हणाले, "मला हा निबंध पाठ आहे. आता 'थोर शास्त्रज्ञांच्या अथक परिश्रमांचे' येईल. मग 'आपण सुजाण नागरिक'. मग 'शेवटी एवढेच'. त्याच्यानंतर एकच वाक्य असतं."

"थोर शास्त्रज्ञांच्या अथक परिश्रमांचे आपण चीज केले पाहिजे," यंत्र म्हणालं.

साहेबांच्या कपाळावरून घाम निघून नाकाच्या शेंड्यावर आला. अंगठा पाटीवर जाऊन थबकला.

"आपण सुजाण नागरिक झालो तरच..."

"आलं," सर म्हणाले.

"म्हणून शेवटी एवढेच म्हणावेसे वाटते की, विज्ञान हा उत्तम सेवक आहे..."

अंगठा टेकला. आवाज तुटला. कपाटावरचा हिरवा दिवा विझला आणि पडद्यावर एकच ओळ उरली: यंत्र सदोष. आजवरचे सर्व निवाडे रद्द.

रेबेकानं डोळे मिटले. तिनं पदराच्या टोकाला बांधलेला चाचांचा फाया तळव्यावर घेऊन नाकाशी धरला. अत्तर अजून थोडं होतं. ओवी भिंतीला टेकून खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.

बाहेर बातमीदार जमले होते. नाडगौडासाहेबांनी केस सारखे केले, बाह्या ताठ केल्या, घाम पुसला. सिस्टर आणि सर पायऱ्या उतरत होते तेव्हा साहेबांचं चालू झालं होतं.

"साहेब, यंत्र चुकीचं होतं?"

"यंत्र चांगलंच होतं हो. आमच्या कर्मचाऱ्यांनी ते नीट हाताळलं नाही, चौकशी होईल, संबंधितांवर कारवाई होईल. शेवटी एवढंच सांगतो, विज्ञान हा उत्तम सेवक आहे, पण वाईट स्वामी आहे."

ओवी दारातच थबकली. तिनं मागं वळून काळ्या कपाटाकडं बघितलं. दिवा विझलेलाच होता.

"सर," ती हळूच म्हणाली, "यंत्र तर बंद आहे ना?"

साळवे सर गर्दीत घुसले. रेबेकानं "अहो" म्हणून हाक मारली, पण अडवलं नाही. सरांनी लाल पेनचं टोपण दातांनी काढलं, आयुक्तांचं मनगट धरलं आणि त्यांच्या पांढऱ्या शुभ्र बाहीवर, कोपरापासून मनगटापर्यंत, एक भलंमोठं शून्य काढलं.

आणि ते खोडून आठ करायला तिथं कुणी नियामक नव्हता.