कुलूप घातलेला आवाज

राशवान निघाला तो साध्याच कामाला. हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या प्रदर्शनासाठी हनफीनं नेलेला सर्किट बोर्ड परत आणायचा, बस. जाताना बाब अल-लूक भागातल्या दुकानातून सोल्डरची तार घेतली. खमसीनच्या वाळवंटी वाऱ्याच्या धुळीनं कैरोवर भरदुपारी अंधारून आलं होतं. दातांत माती करकरत होती. धापा टाकत तो गच्चीवरच्या हनफीच्या खोलीत पोचला.

दोघं जुने मित्र. तळहातावर मावेल एवढ्या बोर्डासाठी प्रोग्राम लिहायचे. हनफीनं त्यातून आवाज काढायचा आणि राशवाननं त्या आवाजाची नागमोडी रेघ इवल्याशा स्क्रीनवर नाचवायची. राशवानची बायको इन्शिराह दोघांनाही वेडे म्हणायची. या बोर्डातल्या चिपमध्ये तिचाच आवाज भरला होता: "चहा गार होतोय, राशवान!"

ती वारली. मागोमाग घरचा संगणकही जळाला. तिचा आवाज उरला तो एवढ्या चिपमध्येच. आणि आमच्या या शहाण्या राशवाननं आपला प्रोग्राम कुणी चोरू नये म्हणून चिपला कधीच कुलूप घातलेलं. आतलं वाचता येत नाही, नक्कल काढता येत नाही; स्पीकरमधून वाजताना टिपून ठेवायचं त्याला कधी सुचलंच नाही. सगळं एकदम पुसता मात्र येतं.

"घे तुझं लेकरू," हनफी म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

राशवाननं बोर्ड सुरू केला. स्पीकरमधून लग्नातल्या वरातीसारखी उडती धून वाजू लागली.

"तिचा आवाज कुठंय?"

"प्रदर्शनाला गाणं हवं होतं रे. जागा पुरेना..."

"मग?"

"पुसलं. कुलूप तूच घातलंस ना? सगळं पुसल्याशिवाय काही भरताच येईना."

"हनफी, तुला ठाऊक होतं. दुसरीकडे कुठंच नाहीये ती..."

"ठाऊक होतं. वल्लाही, शपथेवर सांगतो, मला वाटलं, आता तरी सोडशील तिला."

"तू कोण रे ठरवणारा?"

हनफी उठला. "खालून चहा आणतो," म्हणाला आणि दार ओढून घेऊन सटकला.

राशवानला भडभडून आलं. परक्यानं केलं असतं तर दोन शिव्या हासडून मोकळा झाला असता. इथं सख्ख्या दोस्तानं केसानं गळा कापला होता. त्यानं रागानं स्पीकरची तार उपटली, मग विजेचीही. धून थांबली. बाहेर वारा पत्र्यावर वाळू ओतत होता.

स्क्रीन मात्र उजळलेलीच राहिली.

तिच्यावर एक रेघ हलली. राशवाननं ती इतक्यांदा पाहिली होती की आवाजाशिवायही वाचता यायची. आधी 'चहा'चा छोटा उंचवटा. मग 'गार होतोय'ची लांबट लाट. तो खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसला. पुसूनही ती उरली होती! पुढे आता त्याच्या नावाचे दोन उंच सुळके यायचे...

सुळके आले नाहीत. तीन बुटक्या, गोल लाटा आल्या. हे त्याचं नाव नव्हतं.

राशवान घाईनं उठला, तोच खोलीत, अगदी त्याच्या कानाशी आवाज आला. तुटलेल्या तारेचा स्पीकर टेबलावर पालथा पडलेला होता.

"चहा गार होतोय... हनफी."

असं लाडिक ती राशवानशी कधीच बोलली नव्हती. लग्न नवं होतं तेव्हासुद्धा नाही. हे शब्द त्यानं भरलेले नव्हते, आणि कुणी मुद्दाम भरावेत असेही ते नव्हते.

खालच्या जिन्यातून हनफीचा आवाज आला. सहज, हसरा, कितीतरी वर्षांच्या सवयीचा.

"आलो गं, आलो!"

मग चहाचे पेले खळकन फुटल्याचा आवाज झाला आणि सगळं चिडीचूप झालं.

राशवान जागचा हलला नाही. त्याच्या पाठीमागून बाईमाणसाची हलकी पावलं दाराकडे गेली. बंद दार बंदच राहिलं. पावलं घाईघाईनं जिना उतरत खाली गेली, हनफीकडे.