तिसऱ्या फाट्यावरची पाटी

सकाळी हेरिम पाना घेऊन तिसऱ्या फाट्यावर चढली, तर पाटी पुन्हा डावीकडे वळलेली. सलग पाचवा दिवस.

दोन वर्षं खपून तिने या डोंगरवाटेच्या तेवीस पाट्या आखल्या होत्या. धुक्यातही दिसेल असा पिवळा बाण. बावीस पाट्या शहाण्यासारख्या उभ्या होत्या, ही एकच ऐकत नव्हती. बाण उजवीकडे हवा, खिंडीकडे. डावीकडे दरडीखाली माणसांसकट गाडली गेलेली सेमगोल वाडी आणि पुढे तुटलेला कडा. उद्या साठ निवृत्त शिक्षक ही वाट चालणार होते. त्यातला एक जरी चुकला तर...

शेजारच्या उतारावर ओक आजी रानभाजी खुडत होती.

"आजी, गावातलं कोण माझी पाटी फिरवतंय?"

"गावात आम्ही सात. चौघांना काठी, दोघांना दिसत नाही. उरले मी. नवे गुडघे दे, मग फिरवते." मग तिने फाट्याकडे पाहिलं. "इथला जुना खांब कुठाय?"

"तो डोळे वटारलेला चेहरा कोरलेला? कुजला होता. उपटला आणि त्याच खड्ड्यात पाटी रोवली."

आजीचा हात थांबला. "राखणखांब उपटत नाहीत, पोरी. आपणहून पडेपर्यंत राहू द्यायचा. नवा त्याच्या शेजारी रोवायचा, तांदळाची दारू ओतून. तो सेमगोलकडे तोंड करून उभा होता..."

"कशाला?"

"तिकडून कुणी येऊ नये म्हणून."

आजी टोपली उचलून निघून गेली. हेरिमचं डोकं फिरलं. माणसांचा जीव वाचवायला पाट्या लावायच्या, आणि यांना लाकडाच्या ओंडक्याची काळजी! तिने बाण उजवीकडे वळवला, बोल्ट आवळले, बुंध्याशी लवकर सुकणारं सिमेंट ओतलं आणि तिथेच बसून राहिली. दुपारी धुकं उतरलं. डावीकडून ओल्या मातीचा वास येऊ लागला, नुकत्याच उकरलेल्या मातीचा. पाऊस तर आठवडाभर नव्हता. सिमेंटवर पाना आपटल्यावर ठणठण आवाज आला, तेव्हाच ती उठली.

दुसऱ्या दिवशी खाली बसचा हॉर्न वाजला, तेव्हा ती फाट्यावर पोचली होती. बाण उजवीकडेच होता. पाटी तसूभरही हलली नव्हती. ती पहिल्यांदाच हसली आणि तिने सहज खाली पाहिलं.

घट्ट सिमेंटमध्ये अनवाणी पावलं उमटली होती. एकावर एक, लहान, मोठी. सगळ्यांच्या टाचा सेमगोलकडे, बोटं बाणाच्या दिशेने.

हेरिमने पाना लावला. दोन्ही हातांनी, सगळं अंग टाकून ती पाटी डावीकडे वळवू लागली, जुन्या खांबासारखी सेमगोलकडे तोंड करून. बोल्ट हलेना. खालून शिक्षकांच्या गप्पा वर येत होत्या, आणि खिंडीच्या वाटेवरून त्यांना कुणीतरी हाक मारत होतं.